वेणू टिटवीची नेमणूक

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळं काही वेळेवर व्हायचं. फक्त वणवा लागल्याची बातमी तेवढी उशिरा कळायची.

याला कारण मोर. मुख्य पहारेकरी या पदावर तो सात वर्षं होता. दिसायला रुबाबदार, चालायला ऐटबाज. कामात दोष एवढाच, की त्याचं सगळं लक्ष आपल्या पिसाऱ्याकडे असायचं. तिसऱ्या वणव्यानंतर सिंहमहाराज भयंकर चिडले. त्यांनी मोराला तडकाफडकी बढती दिली आणि सल्लागार करून टाकलं.

जागा रिकामी झाली. झाडाझाडावर जाहिरात लागली.

नदीकाठच्या गोट्यांमध्ये वेणू नावाची टिटवी राहायची. धोका दिसला की ओरडायचं, हे काम ती आईच्या काळापासून फुकटात करत आली होती. ससे तिच्या आवाजावर जीव वाचवायचे आणि बिळात पोचले की म्हणायचे, "काय कर्कश बाई आहे!" तिचा आवाज अपशकुनी असतो, असंही काही घरांतून बोललं जायचं.

जाहिरात वाचून वेणू दोन दिवस गप्प होती. टिटवी गप्प म्हणजे काहीतरी गंभीरच! शेवटी तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, मी अर्ज करू का?"

दामोदर टिटवा अंड्यांवर बसून डुलकी काढत होता. "मला काय विचारतेस? काम तर तू करतेच आहेस."

"पण माझा आवाज..."

"अगं, आवाजासाठीच तर जागा आहे. तिथं काय नाचायचंय?"

वेणूला हे पटलं. तिनं अर्ज केला.

मुलाखत घ्यायला दरबाराचा चिटणीस कोल्हा बसला होता. त्यानं आधी वेणूकडे पाहिलं, मग तिच्या काडीसारख्या पायांकडे पाहिलं.

"बाई, कामाचा अनुभव?"

"गेले तिन्ही वणवे मी आधी पाहिले होते. ओरडलेही होते."

"ते अनधिकृत होतं. बरं, तुम्ही कामावर आलात तर अंडी कोण उबवणार?"

बालमित्रांनो, मोराला हा प्रश्न सात वर्षांत कुणी विचारला नव्हता. मोराची पोरं जंगलभर होती. त्यांतली दोन-तीन त्याला ओळखूही यायची.

 वेणूनं मान ताठ केली. "अंड्यांचे बाबा उबवतील," ती म्हणाली.

असं उत्तर कोल्ह्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यानं ते लिहून घेतलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

दुसरा अर्जच आला नाही. उन्हातान्हात डोंगराकडे बघत उभं राहायची हौस कुणाला असणार? तेव्हा दरबारानं मोठ्या मनानं स्त्रीला संधी द्यायचं ठरवलं.

आणि मग जंगलाला सत्काराचा झटका आला. पहिली स्त्री पहारेकरी! हरिणींच्या महिला मंडळानं वेणूचा सत्कार केला. माकडांच्या तरुण मंडळानं केला. मोरानं तर 'माझ्या मार्गदर्शनाखाली घडलेली टिटवी' असं तीन ठिकाणी सांगितलं. वेणूला शाली मिळाल्या, नारळ मिळाले. पहारा करायला वेळ तेवढा मिळेना.

शेवटी दरबारी सत्कार ठरला. फाल्गुनातली दुपार होती. गवत वाळून कडकडीत झालं होतं. कोल्ह्यानं वेणूला व्यासपीठावर बसवलं आणि कानाशी बजावलं, "महाराज बोलत असताना चकार शब्द काढायचा नाही. नेमणूक अजून कच्ची आहे, लक्षात ठेवा."

महाराज बोलायला उभे राहिले. विषय होता 'स्त्रीचा आवाज'.

"स्त्रीचा आवाज ऐकला गेलाच पाहिजे!" महाराज गरजले. टाळ्या पडल्या.

नेमका तेव्हाच वेणूला डोंगराच्या कडेला धूर दिसला. वारा इकडेच वाहत होता. ती हळूच म्हणाली, "चिटणीससाहेब, धूर."

"आभारप्रदर्शनानंतर सांगा."

"आभार कधी आहेत?"

"महाराजांचे अजून अकरा मुद्दे राहिलेत."

वेणूला अगदी रडू येऊ लागलं. केवढ्या हौसेनं तिनं ही जागा मिळवली होती! ओरडलं तर ती आजच जाणार. तिनं समोर पाहिलं. पहिल्या रांगेत सशांची पिल्लं टाळ्या वाजवायला तयार होऊन बसली होती, आणि त्यांच्यामागे धूर चांगलाच दाट झाला होता.

तिनं शाल भिरकावली, उंच झेप घेतली आणि अशी ओरडली, की महाराजांचा चौथा मुद्दा घशातच राहिला.

सगळं जंगल नदीकडे पळत सुटलं. विचार कुणीच केला नाही. त्या आवाजावर पळायची सवय सगळ्यांना लहानपणापासूनच होती. व्यासपीठ जळालं, हार जळाले, भाषणाचा कागद जळाला. जनावर मात्र एकही दगावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हा नोटीस घेऊन हजर झाला. त्यानं ती मोठ्यानं वाचली. "महाराजांच्या भाषणात व्यत्यय आणल्याबद्दल आपणास कामावरून का काढू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा."

महिन्यापूर्वीची वेणू असती, तर तिनं लगेच माफी मागितली असती. आजची वेणू उंच धोंड्यावर उभी होती. खाली दामोदर अंड्यांवर बसला होता.

"महाराज कसे आहेत?" तिनं विचारलं.

"शेपटीचा गोंडा जरासा होरपळलाय. बाकी ठणठणीत आहेत."

"मग लिहून घ्या. महाराज ठणठणीत आहेत, हाच माझा खुलासा." वेणूनं मान उंचावली. "आणि जरा बाजूला व्हा. डोंगर दिसत नाहीये."

तात्पर्य : स्त्रीनं मिळालेल्या संधीचं सोनं जरूर करावं. मात्र स्त्रीशक्तीवरचं भाषण संपेपर्यंत तिनं थांबावं. एखादं जंगल जळालं तरी पुन्हा उगवतं. अध्यक्षांचे राहिलेले मुद्दे पुन्हा ऐकावे लागतात.