तांड्याच्या शाळेची फाइल

यवतमाळच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक भगवानराव पीएच.डी. करत होते. विषय होता, लोककल्याणाचे सरकारी निर्णय नेमके होतात कसे. चौथ्या प्रकरणासाठी त्यांनी राळेगाव तालुक्यातला एक तांडा निवडला होता. तिथल्या नव्या शाळेच्या मंजुरीवर आता शेवटची सही तेवढी व्हायची होती.

पंचायत समितीच्या कारकुनाने विद्वान माणूस म्हणून शाळेची फाइल त्यांना घरी नेऊ दिली. भगवानरावांनी नक्कल करून घेतली आणि ‘शिपाई आला की दे’ असं बायकोला सांगून ते निर्धास्त झाले. तेवढ्यात कारकुनाची बदली झाली. शिपाई आलाच नाही. मथुराबाईंनी नवऱ्याचे मोलाचे कागद म्हणून फाइल ट्रंकेत ठेवून दिली.

शाळेचं काम एकाएकी थांबलं. भगवानरावांना मनातून आनंदच झाला; आता खरं संशोधन सुरू होणार होतं. ते दर महिन्याला एस.टी.ने जाऊन चौकशी करत. फाइल कधी वर गेलेली असे, कधी खाली. अखेर त्यांनी सिद्धान्त मांडला, की पंचायत समितीच्या सभापतींचाच तांड्याला छुपा विरोध आहे. तांड्याचे नाईक देवसिंग यांनाही त्यांनी तो नीट समजावून दिला.

प्रबंध टंकायला द्यायच्या आठवड्यात जुनी टिपणं शोधताना ट्रंकेत फाइल सापडली. दीड वर्ष उलटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते फाइल घेऊन कार्यालयात गेले. नव्या कारकुनाने ती हातातही घेतली नाही.

“हरवली असा शेरा वर गेला, साहेब. आता सापडली म्हनलं तर कोनापाशी सापडली हे लिवा लागते. लिवू का तुमचं नाव?”

भगवानरावांनी फाइल पिशवीत घातली. निदान देवसिंगांना तरी खरं सांगावं म्हणून ते तांड्यावर गेले. देवसिंगांनी बाज टाकली, त्यांच्या बायकोने, लालीबाईंनी, चहा ठेवला. शाळेत जायची म्हणून पाटी घेऊन ठेवलेली त्यांची मुलगी गंगी आता बकऱ्यांमागे जात होती.

भगवानराव तोंड उघडणार, तोच देवसिंग म्हणाले, “तुमचं बोलनं खरं निंघालं, मास्तर. सभापतीच आडवा येते म्हून औंदा तांड्यानं त्याले एक मत देलं नाई. तं त्यानं आमच्या हिरीचं कामबी बंद केलं.”

भगवानरावांनी चहा संपवला आणि शेवटची एस.टी. पकडली.

चौथ्या प्रकरणात त्यांनी विहिरीचा एक परिच्छेद वाढवला. बाकी काही बदलावं लागलं नाही. परीक्षकांना तो पुरावा फार भक्कम वाटला.