धोंडू मिस्त्रीचा हॉलंडवाला साहेब

आटगावच्या धोंडू मिस्त्रीला गोठा बांधायला सांगा, तो पुढे चार गोल खांब उभे करणार आणि वर त्रिकोणी कपाळ चढवणार. माझ्या संडासालाही त्याने दोन खांब ठोकले. नवखे पाहुणे बाहेर चपला काढून हात जोडायचे.

विचारलं तर एकच उत्तर, "साहेबानं तसंच केलंय, मास्तर. बुकात बघा."

हे बुक त्याला कुठल्याशा बंगल्याच्या कामावर रद्दीत मिळालं होतं. हॉलंडच्या एका साहेबाने बांधलेल्या इमारतींचे झकास रंगीत फोटो, मजकूर इंग्रजी. आणि शाळेत इंग्रजी शिकवणारा मी, म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी! चष्मा लावून वाचून दाखवलं, की हॉलंडात साधी विटांची घरं होती. या साहेबाने जुन्या रोमच्या खांबांचा अभ्यास केला आणि ते तिकडच्या इमारतींना आणले. अडलो तिथे खाकरून पुढच्या ओळीवर उडी मारली.

"तुमी हाव म्हनून कलतं, मास्तर," मिस्त्री म्हणाला. मी आठवडाभर फुगून फिरलो.

गावात एसटीडी बूथ आला, त्या वर्षी मिस्त्री अख्ख्या रोलचे फोटो घेऊन दारात उभा. शहापूरपासून मुरबाडपर्यंत त्याने बांधलेली घरं.

"साहेबाला धाडा. मला दुसरा कोनी शिकवला नाय. खांब जमलं का नाय, त्यालाच इचारा. नसंल जमलं तर तसं लिवू दे. पन लिवू दे."

पत्ता शोधायला मी पहिल्यांदाच बुकातलं साहेबाच्या माहितीचं पान डिक्शनरी घेऊन वाचलं. साहेबाला जाऊन तीनशे वर्षं उलटली होती!

तीन दिवस मी मिस्त्रीला टाळलं. साहेबाच्या नावाने आपणच उत्तर लिहावं, असंही मनात आलं. पण माझं इंग्रजी साहेबाला शोभलं नसतं. शेवटी त्याच्या ओट्यावर जाऊन सगळं सांगून टाकलं. आता हा माझी गावभर अब्रू काढणार, याचीच मला धास्ती.

मिस्त्रीने विचारलं,

"कशानं गेला?"

"ते लिहिलेलं नाही."

"पोरंबालं?"

"तेही नाही."

त्याने टोपी काढली, सदरा काढला आणि विहिरीकडे निघाला.

"अहो मिस्त्री, तीनशे वर्षं झाली त्याला!"

"आपल्याला आज कललं ना? उस्ताद व्हता माझा. खबर आली का आंघोल करावी लागतं."

विहिरीवर त्याला बादली ओढवेना. मी पाणी शेंदलं. दोन बादल्या त्याच्या अंगावर ओतल्या. म्हातारा हमसून हमसून रडत होता. मला माझीच लाज वाटली. तिसरी बादली मी कपड्यांसकट माझ्या डोक्यावर ओतून घेतली.