पाचवं गोणपाट

किसनभाऊंना कुणी "कसे आहात?" असं विचारू नये. विचारायचंच असेल तर हातातली पिशवी आधी खाली ठेवावी. कारण ते उलट विचारणार, "कोनाले इचारून राह्यले, बाबू?" आणि मग एकेकाची खबर देणार. "हवालदार सकायपासून तापला हाये. ससा बरा हाये, पन रातभर झोपला नाई. सोयऱ्याचं त इचारूच नोका."

ही सगळी मंडळी किसनभाऊंच्या आतच राहत.

मी तेव्हा वाशीमला कचेरीत कारकून होतो आणि माझं भाड्याचं घर किसनभाऊंच्या भाजीच्या मळ्याला लागून होतं. मधे फक्त काट्यांचं कुंपण. बायको वारल्यापासून ते आणि त्यांची मुलगी शेवंता, दोघंच मळ्यातल्या झोपडीत राहत. मळा तालुक्यात नाव घेण्यासारखा होता. पण किसनभाऊंचं खरं नाव होतं ते रुसवे काढण्यात.

आमच्याकडे लग्नात एखादा सोयरा रुसला नाही तर लग्न लागल्यासारखं वाटत नाही. कुणाला टोपी हलकी मिळते, कुणाला पंगतीत उशिरा हाक जाते. तो मग मांडवाबाहेर लिंबाखाली पाठ करून बसतो. त्याला उठवायला इंझोरीपासून आसेगावपर्यंत किसनभाऊंनाच नेत. त्यांचं शास्त्र साधं होतं. "रुसल्याले पयले पानी द्या. मंग बाजूले बसा. मंग इचारा. हात धरून वढलं का तो अजून फुगते."

बायको गेली तेव्हा मात्र त्यांना कुणी उठवू शकलं नाही. झोप उडाली, वांग्यांच्या झाडांशी भांडणं सुरू झाली. लोक म्हणाले, लागीर झालं. शेवटी मंगरूळच्या एका म्हाताऱ्या हकिमाकडे नेलं. हकीमसाहेब दर बाजारच्या दिवशी त्यांना समोर बसवत आणि नुसते ऐकत. औषध म्हणून गुलकंद होता, तोही बहुतेक हकीमसाहेबच खात. बऱ्याच दिवसांनी ते म्हणाले, "मियाँ, तुम अकेले नहीं हो, पूरा मोहल्ला हो. सबको बिठाओ, सबकी सुनो."

बसवायचं काम किसनभाऊंच्या हातचंच. घरी येऊन त्यांनी विहिरीजवळ पाच गोणपाटं गोल अंथरली. एकावर बसले की ते हवालदार होत, मिशीवर हात जाई आणि स्वतःलाच दम भरत. दुसऱ्यावर ससा, त्याला सगळ्याचं भेव. तिसऱ्यावर रुसका सोयरा. चौथ्यावर पाटील, जो सगळ्यांचं ऐकून घेऊन शेवटी "पाहू" एवढंच म्हणे. पाचव्याला नाव नव्हतं. त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून किसनभाऊ काही वेळ गप्प बसत आणि उठत. "हा लय रुसला हाये," ते सांगत. "बोलन कवा तरी."

एकदा आमच्या बायकोनं कुंपणावरून वांगी मागितली. किसनभाऊ म्हणाले, "थांबा वयनी, बैठक घेतो." हवालदाराचं म्हणणं, वांगी अजून कोवळी आहेत. ससा म्हणाला, आज दिली तर उद्या सगळी आळी येईल. सोयऱ्याला आठवलं की मागच्या खेपेला वहिनींनी वांगं नख लावून पाहिलं होतं. पाटील म्हणाला, "पाहू." तोवर आमच्याकडे वरणावर जेवणं उरकली होती.

आणखी एक खोड होती. हाक आल्याशिवाय ते भाकरीला हात लावत नसत. दुपारी शेवंता झोपडीच्या दारात उभी राहून ओरडे, "बाबा, जेवाले चला!" मग ते हात धूत. एकदा तिचा घसा बसला म्हणून तिनं ताट वाजवलं. किसनभाऊ जागचे हलले नाहीत. "ताट वाजवून मानूस जेवते का?" असं म्हणून संध्याकाळपर्यंत उपाशी राहिले.

शेवंताला मेडशीचं स्थळ मीच आणलं. मुलगा कष्टाळू, माणसं सरळ, आणि मुलगी खूश होती हे तिच्या गप्प बसण्यावरून कळत होतं. अडलं ते बैठकीत. मुलाकडचे ताटकळले. येत्या बाजारी होकार आला नाही तर दुसरीकडे जमवतो, असा निरोप आला. शेवंतानं मला एकच विचारलं, "काका, बाबा काहून बोलत नाईत?"

बाजारच्या दिवशी मी मळ्यात जाऊन उभाच राहिलो. हवालदार म्हणाला, पोरगं मेहनती हाये, देऊन टाक. सोयरा म्हणाला, त्याईनं चहात साखर कमी टाकली व्हती. ससा म्हणाला, मेडशीची मोटर रस्त्यात बंद पडली त? पाटील म्हणाला, पाहू. मग किसनभाऊ पाचव्या गोणपाटावर बसले, तांब्या पुढे घेतला आणि गप्प झाले.

माझं डोकं फिरलं. "किसनभाऊ, बह्याड झालात का? पोरीचं लग्न मोडेल!"

"बाबू, रुसल्याले टाकून पंगत उठत नाई."

तेवढ्यात झोपडीच्या दारातून रोजच्यासारखी हाक आली. "बाबा, जेवाले चला!"

किसनभाऊ उठले नाहीत. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता, ना हवालदाराचा, ना सशाचा. "हे हाक उद्या कोन मारन मले?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

"मी चुकलो, बाबू," किसनभाऊ डोळे पुसत म्हणाले. "इतके सालं याले रुसला समजलो. हा रुसला नोयता. शेवंताची माय याच दारातून बोलावे. ते गेली तवापासून हा एकटा पडला. मी पानीच देत राह्यलो."

शेवंता धावत आली. "मंग मी नाई जात, बाबा."

"तू जाय. आता बोलाले लागला हाये ना, त समजन बी. त्याले मी पाह्यतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेडशीले हो सांगा." पाटलाला कुणी विचारलं नाही.

लग्न झालं. मुलीचे बाप असूनही एका रुसलेल्या सोयऱ्याला पाणी किसनभाऊंनीच नेऊन दिलं.

शेवंता सासरी गेल्यावर पहिल्याच दुपारी मळ्यात फार शांत होतं. कुंपणावरून दिसत होतं, किसनभाऊंनी स्वतः भाकरी थापली होती आणि ती पुढ्यात ठेवून ते नुसते बसले होते. आमची बायको हात पुसत कुंपणापाशी गेली. वांग्यांचा राग तिच्या मनात अजून होता. तिनं खणखणीत आवाजात ओरडून सांगितलं, "भाऊ, जेवाले चला!"

किसनभाऊंनी मान वर केली. "कोनाले बोलावता, वयनी?"

"साऱ्याईले!"

थोड्या वेळानं ते आले, हातपाय धुऊन, बगलेत एकच गोणपाट घेऊन. त्यांनी ते माझ्याशेजारी अंथरलं आणि बसले.

"बाकीचे कुठं आहेत?" मी विचारलं.

"ते राखन करून राह्यले," किसनभाऊ भाकरी मोडत म्हणाले. "भुकेला हाच व्हता."