नकाशेवाल्यांचा हिरवा सोफा

"माणसाला घराबाहेर काढायला काय लागतं? नुसती बसायला जागा द्या! बाकीचं तो स्वतः करतो!"

हे वाक्य नकाशेवाले महिनाभर इतक्या वेळा बोलले होते, की घरातल्या भिंतींनाही ते पाठ झालं असावं. नगरपालिकेत ते रस्त्यांचे नकाशे काढत, म्हणून सगळी गल्ली त्यांना नकाशेवाले म्हणे. साहेबांच्या मागे भुणभुण लावून त्यांनी आपलीच गल्ली एका रविवारपुरती गाड्यांना बंद करून घेतली होती. साहेब संध्याकाळी पाचला पाहणीला येणार. गल्ली माणसांनी गजबजलेली दिसली, तर ती कायमची चालणाऱ्यांची! ओस दिसली, तर सोमवारपासून पुन्हा हॉर्न, धूर आणि दारात आडव्या लावलेल्या गाड्या. शिवाय हा विषय पुन्हा काढायचा नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप सासूबाईंसाठी होता. एका स्कूटरने त्यांच्या हातातली भाजीची पिशवी उडवली, त्या दिवसापासून त्यांनी जिना उतरणंच सोडलं होतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची मैत्रीण राहायची, निवृत्त मुख्याध्यापिका. दोघी रोज फोनवर भांडायच्या, पण समोरासमोर भांडण्याची सर फोनला नाही म्हणून हळहळायच्या. सासूबाई खिडकीला खुर्ची लावून बसल्या की नकाशेवाले ताटावरून उठून नवा नकाशा काढायला बसायचे. जावयाने सासूसाठी एवढं हळवं होणं शोभतं का, हा प्रश्न निराळा.

तयारी चोख होती. गल्ली बंद करण्याच्या आदेशात तर त्यांनी एक कलम स्वतःच्या डोक्याने घातलं होतं. पाहणीच्या वेळी रस्त्यावर जे काही बसायचं सामान असेल, ते कायम तिथेच राहील!

"हे कंत्राटदार साहेबांना दाखवण्यापुरते बाक मांडतात आणि साहेबांची पाठ फिरली की उचलून नेतात," ते बायकोला हात चोळत म्हणाले होते. "आता उचलून दाखवा म्हणावं!"

"तुमच्या हुशारीची मला नेहमी भीतीच वाटते," बायको म्हणाली आणि दवाखान्यातल्या ड्यूटीला गेली. ती परिचारिका होती. माणूस कुठे पडणार हे तिला आधी कळायचं.

रविवार उजाडला. गल्लीच्या दोन्ही तोंडांना अडथळे लागले, गाड्या गेल्या. मागवलेले बाक मात्र आले नाहीत!

"बाक? ते सकाळीच उतरवले की!" कंत्राटदार फोनवर म्हणाला.

"कुठे?"

"गोदामामागच्या गल्लीत. आता मजूर घरी गेले. उद्या बघू!"

तिकडे गल्लीत शुकशुकाट. रस्ता इतका मोकळा बघून लोकांना वाटलं, काहीतरी विपरीत घडलंय! सगळे गॅलरीत उभे राहून कुजबुजत होते. एक गृहस्थ तेवढे खाली उतरले. त्यांनी सवयीने दोन्हीकडे पाहिलं, जीव मुठीत धरून धावत रस्ता ओलांडला आणि समोरच्या दारात गडप झाले.

चार वाजले. नकाशेवाल्यांना घाम फुटला. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि सोफ्यावर थांबली.

हिरवा, तिघांचा, मखमली सोफा! बायकोने वर्षभर दुकानं पालथी घालून तो पसंत केला होता. त्यावर चहा प्यायला बंदी, उशीला टेकायला बंदी, आणि पाहुणे नसताना बसायलाही जवळजवळ बंदीच.

"भाऊजी, ताई जीव घेईल!" मेहुणा म्हणाला. हा बायकोचा धाकटा भाऊ, रविवारचा जेवायला येई आणि सोमवारी जाई.

"तासाभराचा प्रश्न आहे रे! ती यायच्या आत वर! धर तिकडून!"

जिन्यात सोफा दोनदा अडकला, मेहुणा एकदा. शेवटी सोफा रस्त्याच्या मधोमध टेकला. नकाशेवाले ऐटीत त्यावर बसले आणि गॅलऱ्यांकडे पाहून हात हलवू लागले. या, बसा!

समोरच्या दुकानातला शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावत आला.

"नकाशेवाले! घर सोडताय? आणि आम्हाला पत्ता नाही?"

"छे हो! रस्त्याला जरा जिवंतपणा आणतोय!"

शिंप्याने त्यांच्याकडे कळवळून पाहिलं. माणूस दुःखात कसा भ्रमिष्ट होतो! मालकाने एका दिवसात घर खाली करायला लावलं असणार, आणि लाजेपोटी हा सांगत नाही.

"काही बोलू नका," त्याने नकाशेवाल्यांचा खांदा दाबला. "आम्ही काय मेलोय का?" आणि गॅलऱ्यांकडे तोंड करून त्याने हाळी दिली, "अहो, खाली या सगळे! नकाशेवाल्यांचं सामान उतरवायचंय!"

जी गल्ली दिवसभर हलली नव्हती, ती लोटली! न्हावी आला, पाववाला आला, शेजारच्या दोघी जुळ्या वहिनी आल्या. धडाधड जिना चढून लोक सामान उतरवू लागले. जेवणाचं टेबल आलं, चारही खुर्च्या आल्या, आरामखुर्ची आली, स्वयंपाकघरातलं स्टूलही आलं. कोणी चहा आणला, कोणी डोळे पुसले.

"अहो, थांबा! ऐका तर!" नकाशेवाले ओरडले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. पाचला दहा मिनिटं होती. त्यांनी गल्लीवरून नजर फिरवली. माणसंच माणसं! ते मुकाट्याने गप्प बसले. तत्त्वासाठी माणसाला कधी कधी गप्पही बसावं लागतं!

तेवढ्यात जिन्यावर काठी आपटली.

"माझी खुर्ची कोणी नेली?" सासूबाई! खुर्ची गेल्यामुळे त्या खिडकीपाशी उभ्याच राहिल्या होत्या. "मला न विचारता घर कोण बदलतंय? कुठंय जावई?"

रागाच्या भरात त्या जिना उतरल्या, थेट रस्त्याच्या मध्यावर आल्या आणि तिथे त्यांना मुख्याध्यापिका बाई दिसल्या.

"तू न सांगता निघालीस?" बाई कडाडल्या.

"मी कशाला निघतेय? तुझं फोनवरचं एक उत्तर द्यायचं राहिलंय अजून!"

दोघी सोफ्यावर बसल्या आणि मनसोक्त भांडू लागल्या. आपण रस्त्यावर आहोत हे सासूबाईंच्या ध्यानातही नव्हतं. नकाशेवाल्यांना हुंदका आला. त्यांनी घाईघाईने खोटीच शिंक काढली.

अन् साहेब आले.

"वा! वा! रस्त्यावर दिवाणखाना! काय कल्पना आहे!" साहेब हरखले. "गल्ली कायमची मंजूर!"

टाळ्या पडल्या. घर जात नाहीये हे कळल्यावर शिंप्याने तर नकाशेवाल्यांना मिठीच मारली. तेवढ्यात साहेबांनी सोबत आणलेल्या रंगाऱ्याला खूण केली. त्याने सोफ्याच्या पाठीवर पत्र्याचा साचा धरला आणि पांढरा रंग मारला. 'नगरपालिका, आसन क्रमांक एक.'

"साहेब, तो सोफा... म्हणजे आमचा..."

"तुमचंच कलम!" साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. "बसायचं सामान कायम तिथेच! आता बघतो कोण उचलतो!"

रंगारी खुर्च्यांकडे वळला. पुढचे क्रमांक पडत गेले. स्टूलसुद्धा सुटलं नाही.

बायको अडथळ्यापाशी रिक्षातून उतरून चालत आली. ती आधी सोफ्यासमोर थांबली. मग तिने आईकडे पाहिलं. आई मैत्रिणीच्या मांडीवर थाप मारून खदखदा हसत होती.

"घरात बसायला काय उरलंय?" तिने नवऱ्याला हळूच विचारलं.

"फरशी," नकाशेवाले म्हणाले.

दोघींच्या मध्ये जागा करून ती आपल्या सोफ्यावर बसली, आणि नवऱ्यादेखत त्याच सोफ्यावर तिने चहा प्यायला!

नकाशेवाल्यांना धीर आला. तेही कडेला टेकायला गेले, तोच शिंपी मध्ये आला.

"नकाशेवाले, क्रमांक एकवर तिघंच! तुम्ही पालिकेचे लोक, तुम्हीच नियम मोडायचा?" त्याने सगळीकडे नजर टाकली. सगळे क्रमांक भरले होते. "तुम्ही असं करा. जरा चालून या!"