कृपया काही आणू नये

मस्कतच्या वादी अदाई भागातल्या फ्लॅटमध्ये कल्पनाने साखर बंद केली, त्याला आता सहा वर्षं झाली होती. साखरेपाठोपाठ मैदा गेला, मग तूप गेलं, आणि एके दिवशी बटाटाही गेला. नवरा, चंद्रशेखर, तेवढा राहिला होता. तो एका कंपनीत इंजिनिअर होता, सकाळी ओट्स खाऊन कामावर जायचा आणि संध्याकाळी ओट्स सोडून कशावरही बोलायचा.

मस्कतमध्ये कल्पनाला नाव होतं. रेडिओवर दर गुरुवारी सकाळी, दोन गाण्यांच्या मधे, ती बायकांच्या आरोग्यावर दहा मिनिटं हिंदीत बोलायची. शेवटी तिचं ठरलेलं वाक्य असे, "ध्येय नजरेसमोर ठेवा, पाय आपोआप चालतील." एका साप्ताहिकात तिचा फोटोसह कॉलम होता. फोटोत तिच्या हातात सफरचंद होतं. आता टीव्हीचं दार तेवढं उघडायचं राहिलं होतं.

ते दार उघडलं गुलबानूने. गुलबानू मस्कतच्या मत्रह बंदरातल्या जुन्या व्यापारी घराण्यातली, एका चॅनेलची निर्माती, कमी बोलणारी. बायकांच्या आरोग्यावर तेरा भागांचा कार्यक्रम करायचा तिच्या मनात होतं.

"लेकिन मुझे चलती हुई औरतें चाहिए," तिने सांगितलं. "खाना बनाने के तीन प्रोग्राम ऑलरेडी हैं मेरे पास. तुम्हारी लेडीज़ को शुक्रवारी सकाळी कॉर्निशवर लाओ. मछली मार्केट से रियाम पार्क तक, एक वॉक. शूटिंग की परमिशन आठ बजे तक है. अच्छा आया तो तेरह एपिसोड तुम्हारे, नहीं तो वो हॉटेलवाली झुंबा टीचर रोज़ फोन करती है."

गुलबानूच्या हिंदीत मराठी बायकांच्या शेजाराने अधूनमधून मराठी शिरत असे. झुंबावाली मात्र तिने अगदी स्पष्ट उच्चारली.

कल्पनाने घरी येऊन 'फिट सखी मस्कत' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लगेच निरोप टाकला. शुक्रवार, सकाळी साडेसहा, मत्रह कॉर्निशचा समुद्राकाठचा रस्ता, टीव्हीचा कॅमेरा येणार आहे, चालायचे बूट घालावेत. आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिलं, "कृपया खाण्याचं काहीही आणू नये."

इथेच ती चुकली. कल्पना पुण्याची, म्हणजे तिला हे कळायला हवं होतं. मराठी बाईला 'काही आणू नका' असं सांगितलं की त्याचा अर्थ 'बोलावणारी चांगल्या घरातली आहे' एवढाच होतो. ग्रुपवरच्या प्रत्येकीने ती ओळ वाचली, कौतुकाने मान डोलावली आणि रवा भाजायला घेतला. त्यात बाकीच्या सगळ्या आणणारच, मग आपणच हात हलवत कसं जायचं, हाही हिशेब होता. तशात परदेशातला शुक्रवार, म्हणजे सुट्टीचा दिवस, आणि समुद्रकिनारा. या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि डबा आला नाही, असं आखातात अजून घडलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी हवा छान होती. नोव्हेंबर लागला होता. बंदरात बोटी संथ डोलत होत्या, मासळी बाजारापाशी सीगल भांडत होते. कॅमेरामन सिराज तिवई लावून तयार होता. मग गाड्या येऊ लागल्या. एकेक नवरा बायकोला उतरवायचा, मागची डिकी उघडायचा, जड पिशवी काढून द्यायचा आणि परत झोपायला घरी जायचा.

"हे काय गं?" कल्पनाने शेजारच्या वासंतीला विचारलं.

"काही नाही हो कल्पनाताई, सांज्याच्या पोळ्या. थोड्याच केल्यात."

"मी लिहिलं होतं ना, आणू नका म्हणून?"

"तुम्ही लिहिणारच हो! म्हणून काय आम्ही तसंच यायचं?"

वासंतीच्या मागून तिच्या सासूबाई उतरल्या. मंगलाकाकी. मालवणकडच्या गावातून व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. नऊवारी, त्यावर स्वेटर, पायात सुनेचे गुलाबी बूट, हातात स्टीलचा उभा डबा.

"घावने आसत," काकी म्हणाल्या. "आणि रस. रिकाम्या हातान कोणाकडे जातत काय गो?"

"काकी, आपण कोणाकडे जात नाही आहोत. आपण चालणार आहोत."

"मगे तर खाऊकच होया. उपाशी पोटी कोण चालता?"

दहा मिनिटांत फुटपाथवर चटया पसरल्या. तिघींनी शिरा आणला होता, त्यामुळे कोणाचा मोकळा झालाय यावर बोलणं सुरू झालं. अळूवड्या निघाल्या. एकीने थर्मास काढला. "एवढी तरी घ्या", "अर्धी घ्या", "मी काल रात्री जागून केलीय हो" असा आग्रह सुरू झाला, आणि त्या आग्रहात पहिला सापडला तो सिराज. त्याच्या दोन्ही हातांत काही ना काही होतं, त्यामुळे कॅमेऱ्याला हात नव्हता.

गुलबानूने घड्याळ पाहिलं. "कल्पनाजी, मैंने बोला था ना, खाने के तीन प्रोग्राम हैं. यह चौथा है."

कल्पनाने दीर्घ श्वास घेतला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, जसा ती रेडिओवर सांगायची. मग ती गाडीत पेपर वाचत बसलेल्या चंद्रशेखरकडे गेली.

"शेखर, सगळे डबे गाडीत घाल आणि घरी घेऊन जा."

चंद्रशेखरने पेपर खाली केला. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याला बायकोचा हुकूम पुन्हा एकदा ऐकावासा वाटला. "सगळे?"

"सगळे. चालणं झालं की परत आण. आणि एकही झाकण उघडायचं नाही."

"छे छे," चंद्रशेखर म्हणाला आणि चटयाही उचलू लागला.

डबे गाडीत जाताना बायकांची तोंडं पाहण्यासारखी झाली. "अहो, माझं झाकण सैल आहे, उभं ठेवा," असं दोघी-तिघींनी चंद्रशेखरला बजावलं. पांढरी गाडी निघाली, आणि तिच्या वळणापर्यंत सगळ्यांच्या माना वळल्या.

"यल्ला लेडीज़, चलो!" गुलबानू म्हणाली. सिराजने हात पुसले.

बायका चालू लागल्या. म्हणजे निघाल्या. साड्यांच्या प्रदर्शनात चालतात तशा. दोघी कठड्याशी थांबून सेल्फी काढत होत्या, एकीचा बूट चावत होता. मंगलाकाकी एका बोटीकडे बघत थांबल्या आणि आत सुरमई असेल की बांगडा, यावर वासंतीशी बोलू लागल्या. कल्पना पुढे उलटी चालत ओरडत होती, "हात कोपरात वाकवा! पोट आत! श्वास!" पोटं आत जायला तयार नव्हती. साडेसात होऊन गेले.

"ये वॉक नहीं है," गुलबानू शांतपणे म्हणाली. "ये बारात है. दूल्हा भी नहीं है." आणि ती बाजूला होऊन फोन काढू लागली. पडद्यावर तिने कोणाचं नाव शोधलं, ते कल्पनाला न बघताच कळलं.

सहा वर्षांचे गुरुवार, सफरचंदाचा फोटो, सगळं त्या झुंबावालीच्या पायाखाली चाललेलं तिला दिसलं. तिने शेवटचा जोर लावला. "बायांनो, ध्येय नजरेसमोर ठेवा! पाय आपोआप चालतील!"

त्याच वेळी मागे वासंती फोनवर कोणाशी तरी हळू बोलत होती. "भाऊजी, माझा डबा आडवा नाही ना झाला... कुठे? ... अगंबाई!" तिने फोन ठेवला आणि सासूच्या कानाला लागली. काकी पुढचीच्या कानाला लागल्या. असं करत ते पुढपर्यंत गेलं आणि कल्पनाच्या अलीकडे थांबलं.

आणि बायका चालल्या.

कल्पनाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हात कोपरात वाकले. पदर खोचले गेले. बोलणं बंद झालं. चावरा बूट हातात आला आणि बाई मोज्यांवर निघाली. मंगलाकाकी कल्पनाला ओलांडून पुढे गेल्या, आणि त्यांच्या मागून गुलाबी, जांभळे, पांढरे बूट असे काही आले, की कल्पनाला पळत जाऊन पुन्हा पुढे व्हावं लागलं.

"माशाल्ला!" गुलबानूने फोन बंद केला. "सिराज, फेस ले, फेस! आँखें देख उनकी!"

"मॅडम, स्लो बोलो उनको!" सिराज कॅमेरा घेऊन उलटा पळत होता.

"थोडं सावकाश!" कल्पनाने आयुष्यात पहिल्यांदा बायकांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही. तिचा ऊर भरून आला. एक वाक्य माणसांत एवढा बदल घडवू शकतं!

आठला पाच मिनिटं असताना रियाम पार्क आलं. टेकडीवरच्या धूपदाणीच्या आकाराच्या अगडबंब पांढऱ्या मनोऱ्याखाली, हिरवळीवर, चटया अंथरल्या होत्या. चटयांवर डबे ओळीने मांडले होते, सगळे उभे. मधोमध चंद्रशेखर बसला होता. त्याच्या एका गालाचा आकार दुसऱ्यापेक्षा वेगळा होता.

"शेखर! तुला घरी जायला सांगितलं होतं!"

"यू-टर्न," चंद्रशेखर म्हणाला. मग घास गिळून पुन्हा म्हणाला, "यू-टर्न सापडेना. सरळ आलो तर इथे पोचलो. म्हटलं आता तुम्ही येणारच आहात, तर मांडून ठेवावं."

"आणि झाकणं?"

"सैल होती."

बायका बसल्यासुद्धा होत्या. गुलबानू सिराजच्या कॅमेऱ्यात डोकावून चित्रण पाहत होती. मग वर बघून म्हणाली, "मैंने औरतों के चेहरे पर ऐसी लगन कभी नहीं देखी. तेरह एपिसोड तुम्हारे, खलास. लेकिन एक बात बताओ कल्पनाजी, आपने उनको चलाया कैसे?"

कल्पनाने चटयांकडे पाहिलं. वासंतीकडे पाहिलं, वासंती अळूवडीकडे पाहत होती. तिने नवऱ्याच्या गालाकडे पाहिलं. एकदम सगळं समजलं, आणि खरं सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं. तेवढ्यात मंगलाकाकींनी नारळाच्या रसात बुडवलेलं घावन त्यात घातलं.

"खा गो बाये," काकी म्हणाल्या. "किती ता ओरडलस सकाळपासून."

घावन मऊ होतं. रसात गूळ होता. कल्पना ते चावत राहिली, जरुरीपेक्षा थोडं जास्तच वेळ, आणि गुलबानूने उत्तराचा नाद सोडला.

कार्यक्रम चांगला चालला. दर शुक्रवारी नवीन जागा असे, आणि बायका निघण्याआधी एक पांढरी गाडी पुढे जात असे. ती कॅमेऱ्यात कधी आली नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी कल्पनाचा आवाज यायचा, "ध्येय नजरेसमोर ठेवा," आणि त्यावर नावं सरकायची. सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, लोकेशन मॅनेजर म्हणून चंद्रशेखर. त्याचं वजन तेरा भागांत चारेक किलोंनी वाढलं. घरी अजूनही ओट्सच होते, आणि हल्ली तो ते न कुरकुरता खायचा.