मर्यादा वीस वर्गांची

शाळेचे वेळापत्रक मोठे सर दरवर्षी सुट्टीत घरी बसून लावत. पेन्सिल, खोडरबर आणि डोकेदुखीच्या गोळ्या एवढे साहित्य त्याला लागे. त्यातून जे निघे त्यावर शाळेतला प्रत्येक शिक्षक नाराज असे आणि मोठे सर त्यालाच न्याय म्हणत. सगळे सारखेच नाराज, म्हणजे पक्षपात झालेला नाही.

यंदा त्यांनी पेन्सिलीला टोक काढायच्या आतच संगणकाचे सर पुढे आले. "सर, याचं सॉफ्टवेअर मिळतं. शिक्षक, विषय, वर्ग भरायचे आणि बटण दाबायचं. भांडणाचं नावच नको."

"फुकट आहे का?"

"चाचणी आवृत्ती फुकट आहे. आवडलं तर पूर्ण विकत घ्यायचं."

"चाचणीवर भागत असेल तर पूर्ण कशाला घ्यायचं?" मोठे सर म्हणाले.

हे वाक्य संगणकाच्या सरांच्या चांगल्याच ओळखीचे होते. ते स्वतः तीन वर्षे या शाळेत चाचणी तत्त्वावर होते. वर्ष संपले की मोठे सर त्यांच्या पाठीवर थाप मारून "झकास काम" म्हणत आणि आणखी एका वर्षाची चाचणी हातावर ठेवत. इकडे सासरे दर रविवारी जेवायला येत आणि ताटावर बसता बसता विचारत, "जावईबापू, पक्के झालात का?" नाही म्हटले की ते मुलीकडे अशा नजरेने बघत की सरांना घास गिळवत नसे. यंदा काहीही करून पक्के व्हायचे, असे त्यांनी ठरवूनच टाकले होते.

मोठ्या सरांच्या खोलीतल्या संगणकावर सॉफ्टवेअर उतरले आणि पडद्यावर अटींचे लांबलचक पान आले.

"हे काय लिहिलंय?" मोठ्या सरांनी चष्मा वर केला.

"अटी आहेत, सर. नेहमीच्याच असतात."

"वाचल्यात का?"

"वाचल्याशिवाय मान्य म्हणू नये, असा सातवीला धडाच आहे, सर. मीच शिकवतो," असे म्हणत संगणकाच्या सरांनी ते पान सरसर खाली ओढले आणि 'मान्य आहे'वर टिचकी मारली.

मग वर्ग भरायला घेतले. नववी क त्यांनी सगळ्यात शेवटी भरली. त्या वर्गाचे नाव आपणहून आधी घेईल असा माणूस शाळेत नव्हता. नववी कने आजवर एक घंटा, दोन काळे फळे आणि विज्ञानाचे एक सर गमावले होते. घंटा नंतर पाण्याच्या टाकीत सापडली, सर मात्र बदली घेऊन गेले ते गेलेच. नाव भरल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात राखाडी अक्षरांत काहीतरी उमटले, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, त्या गडबडीत सरांनी ते बंद करून टाकले.

सोमवारी प्रत्येकाच्या हातात आपापल्या तासांचा कागद पडला. संगणकाचे सर शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यात, दाराजवळ उभे राहिले. पळायला बरे पडते.

भूमितीच्या बाईंनी आपला कागद वरून खाली वाचला. मग खालून वर वाचला. इतिहासाच्या सरांनी पाठीमागची कोरी बाजूसुद्धा बघून घेतली. कवायतीच्या सरांनी कागदाची बारीक घडी करून खिशात घातली आणि वर खिशाचे बटण लावले.

"कसं वाटतंय?" संगणकाच्या सरांनी भीतभीत विचारले.

"छान आहे," भूमितीच्या बाई म्हणाल्या. दरवर्षी याच खोलीत डोळ्यांतून टिपे काढणाऱ्या भूमितीच्या बाई.

"काही हलवायचंय का, बाई?"

"काही हलवू नका," तिघे एकदम म्हणाले.

पुढचे दिवस असे गेले की मोठ्या सरांना काळजी वाटू लागली. कुणी तक्रार घेऊन आले नाही. मोकळ्या तासाला शिक्षक गुणगुणत होते. शेवटी त्यांनी संगणकाच्या सरांना बोलावून घेतले. "शुक्रवारी संस्थेचे अध्यक्ष येतायत. तुमचं पक्कं करायचं मी त्यांच्या कानावर घालतो. फक्त तोवर घोळ नको."

"आता कसला घोळ, सर," संगणकाचे सर म्हणाले आणि घरी जाऊन त्यांनी बायकोला रविवारी बाबांना जरा लवकरच बोलवायला सांगितले.

शुक्रवारी अध्यक्ष आले. त्यांना प्रत्येक वर्गाच्या दाराशी थांबून कान द्यायची सवय होती. पाचवीत पाढ्यांचा कल्ला होता, सातवीत भांडण होते, दहावीत भूमितीच्या बाईंचा आवाज मुलांपेक्षा मोठा होता. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. व्हरांड्याच्या टोकाला, टाकीला लागून असलेल्या वर्गापाशी मात्र ते थबकले.

"इथे कुणी बसत नाही का?"

"बसतात ना. नववी क," मोठे सर म्हणाले आणि स्वतःच चमकले. नववी क आणि शांतता?

अध्यक्षांनी दार ढकलले. आत सगळा वर्ग होता. एक मुलगी टेबलावर बसून हळू आवाजात भुताची गोष्ट वाचत होती. काही जण ऐकत होते, काही बुद्धिबळ खेळत होते, दोघे नीट उशीबिशी घेऊन झोपले होते. वाचणारी मुलगी वर्गप्रमुख होती. ती खाली उतरून उभी राहिली.

"हा तास कुणाचा?" अध्यक्षांनी विचारले.

"कुणाचाच नाही, सर. सोमवारपासून कुणी आलंच नाही."

"मग सांगायचं नाही का जाऊन?"

"सांगितलं असतं तर कुणीतरी आलं असतं, सर," ती म्हणाली. "म्हणून तर आवाज करत नाही आम्ही."

पाच मिनिटांत सगळे शिक्षक मोठ्या सरांच्या खोलीत गोळा झाले. संगणकाच्या सरांनी अटींचे पान उघडले आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्याने वाचले. "ही आवृत्ती केवळ पाहणीसाठी असून वीस वर्गांपुरती मर्यादित आहे. त्यापुढील वर्ग विचारात घेतले जाणार नाहीत. प्रत्यक्ष कामासाठी वापर करू नये."

"आपले वर्ग किती?" अध्यक्षांनी विचारले.

"एकवीस," मोठे सर खोल आवाजात म्हणाले.

"आणि आपल्या कागदावर नववी क नाही, हे तुमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही?"

"मला वाटलं, ती इतिहासाकडे गेली," भूमितीच्या बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, कवायतीकडे," इतिहासाचे सर म्हणाले.

"मला काही वाटलंच नाही," कवायतीचे सर म्हणाले. "देवाचं देणं, चौकशी कशाला करायची?"

अध्यक्ष विचारात पडले. "वीस वर्गांत शिक्षक आहेत, तिथे गोंगाट. एका वर्गात शिक्षक नाही, तिथे शांतता. मग मी एवढ्या लोकांना ठेवलंय कशासाठी?"

त्याच क्षणी सगळे एकदम बोलू लागले. नववी क आमचीच आहे, आमचा जीव आहे त्या मुलांवर, चार दिवस जेवण गेले नाही.

"उत्तम. मग वर्गशिक्षक कोण होतंय?" अध्यक्षांनी विचारले.

मग सगळी बोटे एकाच दिशेला वळली. "घोळ यांनी घातलाय, यांनीच निस्तरावा."

संगणकाच्या सरांच्या डोळ्यांपुढे रविवारचे ताट आणि सासऱ्यांचा चेहरा आला. तीन वर्षे ज्या तोंडातून फक्त "हो, सर" निघाले होते, त्यातून आज दुसरेच काही बाहेर पडले.

"मला जमणार नाही, सर. मी चाचणी आवृत्ती आहे. माझीही मर्यादा वीस वर्गांची. एकविसावा हवा असेल तर पूर्ण घ्यावी लागेल."

मोठ्या सरांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षांनी संगणकाच्या सरांकडे बघितले. मग बाकीच्या शिक्षकांकडे बघितले. नववी क घ्यायला दुसरे कुणीही तयार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

"दोन्ही पूर्ण घ्या," ते मोठ्या सरांना म्हणाले. "हे सॉफ्टवेअरही आणि हे सरही."

रविवारी सासऱ्यांनी पाटावर बसता बसता विचारले आणि सरांनी भातावर वरण ओतत सहज सांगितले, "झालो की." सासऱ्यांनी त्या दिवशी दोनदा भात मागून घेतला. मुलीकडे एकदाही बघितले नाही.

सोमवारी नवे पक्के वर्गशिक्षक व्हरांड्याच्या टोकाला गेले. दाराआड अजून तीच शांतता होती. या मुलांना लोक उगाच नावे ठेवतात, असे त्यांना वाटून गेले. ते आत शिरले, खडू टेबलावर ठेवला. वर्गप्रमुख मुलगी उभी राहिली.

"सर, तुम्ही चाचणीचे की कायमचे?"

"कायमचा," सर अभिमानाने म्हणाले.

मुलीने मान हलवली, पुस्तक मिटले आणि ती वर्गाकडे वळली.

"कायमचे आहेत रे," ती म्हणाली. "आता शांत बसून काही उपयोग नाही."