दोन पावलं पुढचा ठिपका

आजचा सामना आपला संघ वाचवणार, आणि तोही अकरा खेळाडूंमुळे नव्हे तर आपल्या मूठभर फक्कीमुळे, याबद्दल फक्कीकाकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

फक्कीकाका म्हणजे शहरातल्या एकुलत्या एका स्टेडियमचं मैदान राखणारे. स्टेडियम म्हणायचं आपलं. सिमेंटच्या चौदा पायऱ्या, एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. तीस वर्षं काकांनी तिथे पांढऱ्या फक्कीने रेघा आखल्या आणि एकही रेघ बोटभर वाकडी गेली नाही. संघाबद्दल असं काही सांगण्यासारखं नव्हतं. तो लागोपाठ अकरा सामने हरला होता. बारावा हरला की संघ स्पर्धेतून बाहेर आणि मैदानाचं पार्किंग, हे नगरपालिकेत ठरून गेलं होतं. बरोबरी झाली तरी चालणार होतं. गोलरक्षक काकांचा सख्खा भाचा, चौतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मैदान गेलं तर मामा-भाच्याने जायचं कुठे, या विचाराने काकांची झोप उडाली होती.

बेत साधा होता. मध्यंतरात पुसट रेघांवर पुन्हा फक्की मारणं हे काकांचं रोजचं काम. तेवढ्यात फाटकाकडचा पेनल्टीचा ठिपका पायाने पुसायचा आणि गोलच्या दिशेने दोन पावलं पुढे नवा काढायचा. यजमानांना बाजू निवडू देण्याची इथली जुनी पद्धत, आणि आपला कप्तान नेहमी उत्तरार्धात फाटकाकडे हल्ला करायचा असंच ठरवी. आपला हुकमी खेळाडू वारा लागला तरी आडवा पडे, म्हणजे पेनल्टी मिळणारच. त्याचा फटका मात्र गोलपर्यंत पोचता पोचता दमून जाई. दोन पावलांनी तेवढं भागलं असतं.

काकांना पूर्वार्ध बघवत नसे. सातव्या पराभवापासून ते सामना सुरू व्हायच्या आधीच सामानाच्या खोलीत शिरून दार लावून घेत. त्या दिवशीही तसेच बसले. पंचेचाळीस मिनिटं बाहेर कुणी ओरडलं नाही, म्हणजे गोल नाही. वर्षभरातली ती सगळ्यात चांगली बातमी होती.

मध्यंतरात काकांनी कार्यभाग उरकला. ठिपका नेहमीसारखाच नेटका उमटला. मग ते पायरीवर जाऊन बसले, आणि बघतात तो फाटकाकडच्या गोलात भाचा उभा.

शेजारच्या तिकीटवाल्याने खुलासा केला. अकरा सामने हरलो, तेव्हा एकदा बाजू तरी बदलून बघू, असं भाच्यानेच कप्तानाला सुचवलं होतं.

फक्कीची बादली घेऊन काका दोनदा रेघेपर्यंत गेले आणि पंचाने दोनदा त्यांना हाकललं. खरं सांगावं तर तीस वर्षांची अब्रू जाणार, न सांगावं तर मैदान. काका लाजेने परत येऊन बसले. गोलशून्य बरोबरीत शेवटची दोन मिनिटं उरली असताना आपला हुकमी खेळाडू कधी नव्हे तो मदतीला मागे धावला आणि त्याने चेंडू चक्क हाताने अडवला. पेनल्टी!

ठिपका जवळ वाटतोय, असं आपला कप्तान कुरकुरला. पंचही थबकला. काका पायरीवरून उठून उभे राहिले.

"मामांनी काढलाय," भाचा गोलातून म्हणाला. "चूक नसणार."

पंचाने मान डोलावली. भाचा हलायच्या आत चेंडू जाळीत होता.

संध्याकाळी भाचा पायरीवर बसून पट्टे सोडत होता. "मामा, चेंडू दिसलाच नाही. वय झालं माझं."

आता सांगूनच टाकावं, म्हणून काकांनी तोंड उघडलं. "गुडघे शेकून घे," एवढंच ते म्हणाले.

महिन्याभरात पार्किंग सुरू झालं. पट्टे रंगवायला काका आणि फाटकावर चिठ्ठ्या फाडायला भाचा. आता काका प्रत्येक पट्टा टेपने तीनतीनदा मोजतात. तरी परवा एक गाडीवाला तणतणत आला, जागा दोन हात कमी पडते म्हणून.

"मामांनी आखलंय साहेब," भाचा म्हणाला. "तुमची गाडीच लांब असेल."

काका खाली वाकून बराच वेळ रंग ढवळत राहिले.